सुपडूआबांचा चाकू

जळगावच्या भंगारबाजारात जुने घडीचे चाकू ढिगाने मिळतात, पण एकाचं पातं हलतं, तर दुसऱ्याची स्प्रिंग मेलेली असते. वापरता येईल असा जुना चाकू एखाद्या म्हाताऱ्याच्या खिशातच सापडतो, हे जुने चाकू जमवणाऱ्या प्रल्हादरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते दर रविवारी फैजपूरला सुपडूआबांकडे जात. आबा त्यांच्या चाकूने पेरू कापून देत, गप्पा मारत आणि चाकू पुसून परत खिशात ठेवत. मागितला की म्हणत, "पाहू पुढच्या रविवारी."

आबा गेले. प्रल्हादराव सांत्वनाला, दारावर बसायला आले. चेहरा दुःखी होता, नजर मात्र खुंटीवरच्या आबांच्या बंडीकडे होती. आबांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी ती नजर पाहिली. बंडीतून चाकू काढला आणि, चाकू हातात दिला तर भांडण होतं म्हणतात, म्हणून जमिनीवर ठेवला.

"घ्या भाऊ. माह्यामागं त्याले देजो, असं सांगून गेले."

"मग जिवंतपणी का नाही दिला, काकू?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हने, येडी झाली का? चाकू दिल्यावर पुढच्या रविवारी कोन येईन?"