जास्वंदीचा तास
१९९४ साली लग्न होऊन साताऱ्याहून बेंगळुरूला आलेल्या हेमलताला कन्नड जेमतेम भाजी घेण्यापुरतं येत होतं. तरीही तिने बसवनगुडीतल्या एका कन्नड शाळेत विज्ञानशिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. मुख्याध्यापिका गिरिजम्मांनी तिला सातवीवर एक तास घेऊन दाखवायला सांगितलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. आठवडाभर घोकलेली वाक्यं फळ्यासमोर उभं राहताच हेमलताच्या डोक्यातून पार गेली. मुलं खुसखुसू लागली. अखेर तिने आणलेली जास्वंद उंच धरली, मधल्या दांड्यावरच्या तंतूंना बोट लावलं आणि हरल्यासारखं मराठीतच म्हणाली, "केसर." "केसर!" सगळा वर्ग ओरडला. हेमलता चमकली. कन्नडमध्येही केसरच? तिने बोटाला लागलेली पिवळी पूड दाखवली. "पराग!" आता मुलंच आधी ओरडली. मग तिने ब्लेडने फुलाचा तळ उभा चिरला. "अंडाशय?" तिने भीतभीत विचारलं. "अंडाशय!" मुलं उठून टेबलाभोवती गोळा झाली. आतले पांढरे दाणे पाहून एका मुलीने कन्नडमध्ये विचारलं, "या सगळ्यांच्या बिया होतात का, मिस?" हेमलताला प्रश्न पुरता कळला. मोडक्या कन्नडमध्ये तिने उत्तर दिलं, "सगळ्यांच्या नाही. पराग पोचला, तरच." घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. गिरिजम्मा पुढे आल्या. "तुमचं कन्नड स्वल्प कच्चं आहे. पण मुलांना फूल समजलं. सोमवारपासून या." "बर्तीनी, मॅडम," हेमलता म्हणाली. 'येते' म्हणायला आपल्याला शब्द शोधावा लागला नाही, हे जिना उतरताना तिच्या लक्षात आलं आणि ती तिथेच मोठ्याने हसली.