छपराखालचे टायर

सिआओसीच्या कुंपणाशी येऊन बायका थांबल्या. तपासणीची शिट्टी फुआतिनोच्या गळ्यात होती. तिने ती वाजवली नाही.

"हे घर आज राहू दे," मागून फोलोले म्हणाली. "माती अजून ओली आहे गं."

माती खरंच ओली होती. बेटाच्या रीतीप्रमाणे घरापुढच्या अंगणातच सिआओसीच्या लेकीला, सिएनीला, पुरलं होतं. वर पांढरी खडी, खडीवर प्लास्टिकची फुलं. पोर शाळेतून ताप घेऊन आली आणि डेंगीने गेली. त्यानंतर गावच्या पंचांनी नियम केला : उघड्यावर टायर दिसता कामा नये. टायर छपराखाली हवा, नाहीतर भोकं पाडून वाळूने भरलेला. टायरात पावसाचं पाणी साचतं आणि पाण्यात डास होतात, हे सवाई बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नियम मात्र आत्ता झाला. घरोघरी जाऊन पाहायचं काम महिला मंडळाकडे आलं. मंडळाची प्रमुख फुआतिनो. आणि सिआओसी, गावातला एकुलता एक पंक्चरवाला, तिचा पाठचा भाऊ.

"सगळी घरं म्हणजे सगळी," फुआतिनो म्हणाली. दफनापासून तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "मघाशी तुझ्या करवंट्या उलथ्या केल्या, तेव्हा नाही म्हणालीस राहू दे."

"म्हणाले की! तूच ऐकलं नाहीस."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. फुआतिनोने शिट्टी फुंकली.

अंगण झाडलेलं होतं. नीरफणसाखाली, जिथे वर्षानुवर्षं टायरांचा ढीग असायचा, तिथे आता गवत न उगवलेले गोल डाग उरले होते. त्यांत कोंबड्या उकरत होत्या.

"समुद्रात लोटले की काय यानं?" फोलोले पुटपुटली.

सिआओसी पायरीवर बसला होता. बहीण दारात आली की भावाने उठायचं, ही रीत. तो उठला नाही. त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि तिच्याही उशिराच आलं.

"टायर कुठे आहेत रे?" तिने विचारलं.

"आत."

घर एका खोलीचं. दारापासूनच टायर सुरू झाले. मोटारींचे, ट्रकचे, बसचे, एकावर एक, थेट आढ्याला टेकलेले. कपाट त्यांच्यामागे गेलं होतं. खिडकीही. मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी बोळ राहिली होती. बोळीत, एका टायरावर बसून सिआओसीची बायको पेपे कपड्यांच्या घड्या घालत होती. खोलीत रबराचा वास गच्च भरला होता.

"अरे, हे काय केलंस?"

"छपराखाली ठेवा म्हणालात ना." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मला छप्पर एवढंच आहे, ताई."

"मग झोपता कुठे?" फोलोलेने विचारलं.

"झोपतंय कोण," पेपे म्हणाली.

फुआतिनोने पहिल्या टायरात हात घातला. कोरडा. दुसऱ्यात घातला. तोही कोरडा. बाकीच्या बायका क्षणभर उभ्या राहिल्या, मग एकेक करून आत शिरल्या आणि त्यांनीही हात घालायला सुरुवात केली. हाताला येतील तेवढे सगळे पाहिले.

"नीट बघा, ताई," पेपे म्हणाली. "एकही सोडू नका."

फुआतिनो बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"घर स्वच्छ आहे," तिने सांगितलं. "नियमात बसतं."

सिआओसीने मान हलवली. म्हणाला, "मग आता?"



रस्त्यावर हॉर्न वाजला. शेजारच्या गावचा एक जण टेम्पोतून डोकं काढून ओरडला, "सिआओसी! परत पंक्चर झालाय बघ! सोमवारी नेतो!" आणि टेम्पोत मागे टाकलेला टायर खाली ढकलून निघूनही गेला. टायर गडगडत अंगणात आला, डगमगला आणि खडीजवळ आडवा झाला. आत पाणी डचमळलं.

सगळ्यांनी फुआतिनोकडे पाहिलं. तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

सिआओसी उठला. टायर उभा करून फिरवत फिरवत त्याने पाणी ओतलं. काळसर पाणी जमिनीत जिरलं. मग टायर उचलून तो दाराशी गेला आणि तिथेच उभा राहिला.

"कुठे ठेवू?" त्याने बहिणीला विचारलं.

पेपे उठली. अंग चोरून पार आतल्या कोपऱ्यात गेली. तिने बसच्या टायरांची एक चळत बाजूला ओढली. त्यामागे एका चटईएवढी जागा मोकळी सोडलेली होती. चटई अंथरलेली, वर सिएनीची लहानशी उशी, आणि भोवती मच्छरदाणी, चारी बाजूंनी चटईखाली नीट खोचलेली.

पेपेने एकेक कड मोकळी केली. मच्छरदाणीची घडी घातली, चटई गुंडाळली, उशी काखेत धरली.

"आण इकडे," ती म्हणाली.

"ओला आहे गं आतून."

फुआतिनोने भावाच्या हातातून टायर काढून घेतला. पायरीवर बसली. मंडळाच्या पांढऱ्या पोशाखाचा घोळ गोळा करून तिने तो टायराच्या पोटात घातला आणि पुसायला लागली. फोलोले म्हणाली, "फडकं देते ना मी." तिला ऐकू गेलं नाही. घोळ काळा होत गेला. टायर कोरडा झाला, तरी ती पुसतच राहिली.