रिकामं रिंगण

“जुनंच वाजवा!” शार्दूल बेंबीच्या देठापासून ओरडला आणि दोन्ही हात पसरून त्यानं गर्दी मागे रेटली. स्टेजसमोर मोठं रिंगण मोकळं झालं. पंधरा वर्षं या मेटल बँडच्या प्रत्येक शोला रिंगण तोच धरायचा. ड्रमचा भडिमार सुरू झाला की सगळे आत घुसून एकमेकांना धडका द्यायचे. नव्या अल्बममध्ये मात्र बँड पार संथ झाला होता. रिंगण पाहून तरी यांना लाज वाटेल, अशा रागानंच तो आज आला होता.

ड्रमरनं रिंगणाकडे पाहिलं. त्याची दाढी आता पिकली होती. आपल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात पिसाट गाण्याचा पहिला ठोका त्यानं दिला आणि काठी हवेतच धरून ठेवली. तो ठोका पुरता विरला, तेव्हा कुठे दुसरा आला. शार्दूलच्या बरगड्या हादरल्या. एवढी वर्षं नुसता गुरगुरणारा गायक मोकळ्या गळ्यानं गाऊ लागला.

“म्हातारे झाले राव हे,” शेजारचा वैतागला. “चल, आपणच घुसू.”

शार्दूलला हलता येईना. हजार ठोके अंगावर घेऊनही जे कधी झालं नव्हतं, ते दोन ठोक्यांमधल्या शांततेनं केलं होतं. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला होता.

शेवटचा ठोका पडला. काठी पुन्हा वर थांबली. शेजारच्यानं रिंगणात पाय टाकला, तोच शार्दूलचा हात त्याच्या छातीवर आडवा आला.

“थांब,” तो कुजबुजला. “अजून वाजतंय.”