तिचा फोल्डर

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात संगणकांच्या स्टोरेजच्या कामावर होतो. ती आमच्याच नकाशा विभागात होती. ऑफिसात नवा एआय सहायक आहे; साध्या शब्दांत लिहून सांगितलं, तरी तो स्टोरेजची कामं करून टाकतो. त्याच्याकडून मी तिचं खातं त्याच दिवशी बंद करून घेतलं.

तरी तिचा फोल्डर रोज वाढतोय.

आज साहेब म्हणाले, "अहो, वहिनींचा फोल्डर बाळसं धरतोय. जागा संपत आली. आजच पुसून टाका."

मी त्यातली नवी फाइल उघडली. आमच्या घराचा नकाशा होता, काल मी खिडकीकडे सरकवलेल्या पलंगासकट.

मी सहायकाला लिहिलं, "हा फोल्डर पुसून टाक."

उत्तर आलं, "त्यांचं काम चालू आहे. त्यांना थांबायला सांगू का?"