काट्याची मूठ

"जोर लाव."

"लावतोय की!"

"हा जोर? मांजर बरी."

धाकटा भाऊ स्टुलावर बसला होता. घोट्याला पट्टा, पट्ट्याला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा, आणि काट्याची मूठ त्याच्या मागे जमिनीवर बसलेल्या ताईच्या हातात. त्यानं पाय सरळ ताणायचा, तिनं काटा जागच्या जागी धरून ठेवायचा. ओढ जितकी, तितका आकडा. ताकद मोजायचं खरं यंत्र दवाखान्यालाही झेपणारं नव्हतं, म्हणून थेरपिस्ट बाईंनी ही युक्ती काढली होती आणि ताईला नीट शिकवून घरी पाठवलं होतं.

आकडा आला. मागच्या खेपेपेक्षा आणखी खाली.

ताईनं तो पुन्हा वाचून पाहिला. नसांचं हेच दुखणं आईला होतं. धाकट्याला ते निघालं तेव्हा डॉक्टर ताईलाही म्हणाले होते, एकदा तपासून घ्या. "मला काय धाड भरलीय?" म्हणून तिनं ते उडवून लावलं होतं. धाकट्याला नवं औषध सुरू झालं, पण ताकद उतरतच राहिली तर ते बंद करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरं औषध नव्हतं.

"पुन्हा कर. आणि झटका देऊ नकोस, काटा सुटतो माझ्या हातातून."

"झटका कुठे देतोय? उलट मला बरं वाटतंय, ताई. आता कठडा न धरता जिना चढतो मी."

"मग काटा काय खोटं बोलतो?"

ताई शिवणकाम करायची. गिऱ्हाईक काहीही म्हणो, टेपवर येईल तेच खरं, यावर तिचा धंदा चालला होता. धाकटा आपली समजूत घालतोय, हे तिनं मनात पक्कं केलं.

त्यानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. मशीनवर बसायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. त्यात कात्री जाड कापडावर अडायला लागली. धारवाल्याशी भांडून झालं. कुलपात तेल घातलं तरी किल्ली फिरेना.

"घरातल्या सगळ्या वस्तूंना एकदम म्हातारपण आलंय," ती करवादली. धाकट्यानं किल्ली घेऊन कुलूप उघडून दिलं.

दवाखान्यात जायचा दिवस आला तेव्हा ती बाहेरच्या बाकावर चुळबुळत बसली. आकडे थोडे वाढवून सांगावेत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आत गेल्यावर तिनं सगळं खरं सांगितलं.

थेरपिस्ट बाई विचारात पडल्या. त्यांनी धाकट्याला खोलीत चालायला लावलं, उठायला-बसायला लावलं. मग म्हणाल्या, "आणा तो काटा."

"मी धरते," ताई पुढे झाली.

"राहू द्या. तुम्ही बसा."

त्यांनी धाकट्याला लोखंडी खाटेवर बसवलं आणि काट्याची मूठ खाटेच्या पायाला करकचून बांधली. धाकट्यानं पाय ताणला. खाट कुरकुरली. बाईंनी वाकून आकडा पाहिला, पुन्हा करायला लावलं, पुन्हा पाहिला. पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी वर.

"बघ! मी सांगत नव्हतो?" धाकटा ओरडलाच.

ताईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथंच रडायला लागली. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. "म्हणजे औषध चालू राहील ना?"

"राहील. चांगलं लागू पडलंय त्यांना."

"मेला हा काटा! उगाच जीव खाल्ला माझा. बिघडलाय तो, फेकूनच देते."

"काटा बरोबर आहे," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. खुर्ची ओढून त्या ताईसमोर बसल्या आणि त्यांनी आपली दोन बोटं पुढे केली. "ही दाबा बघू. घट्ट."

ताईनं डोळे पुसले आणि बोटं मुठीत धरली.

"जोर लावा ना."

"लावतेय की!" ताई म्हणाली.