पोचलेली प्रवासी

ज्वालामुखीच्या राखेमुळे तीन दिवस बंद असलेली उड्डाणं सकाळी सुरू झाली, तेव्हा बंगळुरूच्या विमानतळावर हेमांगी टिपणीस रांगेत पहिली होती. काउंटरवरची मुलगी संगणकाच्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, तुमचं तिकीट वापरलं गेलंय. तुम्ही काल नागपूरला पोचलात."

काल विमान कंपनीने अडकलेल्या प्रवाशांना यंत्रदेह दिले होते. हेमांगी इथेच डोक्याला यंत्राशी जोडणारी पट्टी लावून खुर्चीत बसली होती आणि तिकडे नागपूरच्या इस्पितळात कंपनीचं यंत्र तिच्या आवाजात बोलत, तिच्या आईचा हात धरून तासभर बसलं होतं.

"अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे!"

"हो मॅडम. पण नियमाप्रमाणे भेट झाली की प्रवास पूर्ण. आणि नव्या तिकिटाला परवापर्यंत एकही जागा नाही."

"उद्या दुपारी आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे!"

"म्हणूनच तर तुम्हाला यंत्रदेह आधी दिला." मुलगी मनापासून, अगदी अजिजीने बोलत होती, त्यामुळे हेमांगी आणखीच भडकली.

तणतणतच तिने आईला फोन लावला. सगळं ऐकून आई म्हणाली, "अगं, काल येऊन गेलीस की. आता पुन्हा कशाला दगदग?"

"तूही तेच म्हण! आई, काल मी आलेच नव्हते गं."

मग आई हळूच म्हणाली, "ये मग. काल त्या यंत्राला सांगवेना. मला फार भीती वाटतेय."

हेमांगीने बॅग उचलली आणि नागपूरची बस शोधायला ती धावत सुटली.