कललेली खुर्ची

पुढची खुर्ची मागं कलली आणि पहिल्यांदाच विमानात बसलेल्या यमुनाक्कांच्या काळजात धस्स झालं. खुर्ची निखळली, आता पुढचा माणूस उताणा पडणार! त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ दाबून धरली.

त्यानं मागं जोर लावला, अक्कांनी पुढं लावला. हात काढायचा त्यांना धीर होईना.

तो उसळून वळला. "अहो, ढकलताय काय? खुर्ची मागे घ्यायचा हक्क आहे माझा!"

"हलू नकोस, लेकरा!" अक्का रडवेल्या झाल्या. "खुर्ची मोडलीय. माझ्यानं फार वेळ धरवणार नाही, कुणालातरी बोलाव!"

त्यानं बटण दाबून खुर्ची सरळ केली. "झाली नीट, आजी. सोडा आता."

अक्कांनी एक हात सोडला.